दहावी विज्ञान: मोठ्या प्रश्नांची उत्तरे कशी बांधायची

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन पेपर असतात, भाग 1 आणि भाग 2. प्रत्येक पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. याशिवाय 20 गुण प्रात्यक्षिकाचे. दोन्ही पेपरांत पहिला प्रश्न 10 गुणांचा आणि वस्तुनिष्ठ असतो: पर्याय निवडा, जोडी लावा, चूक की बरोबर ते लिहा. म्हणजे लेखी 80 पैकी 20 गुण एखाद्या अक्षरावर किंवा शब्दावर मिळतात. राहिलेले 60 मात्र वाक्ये लिहून किंवा गणित मांडून मिळवावे लागतात, आणि खरी गळती तिथेच होते.

मी विज्ञान शिकवते, सराव परीक्षांचे गठ्ठे तपासते. मुलाला धडा समजलेला असतो, तोंडी विचारलं तर धडाधड सांगतो, आणि कागदावर मात्र तीनपैकी दीड गुण पडतो. असे पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. बहुतेकांची माहिती चुकलेली नसते. एका माहितीतून दुसरी कशी निघते, हे सांगणारं मधलं वाक्य त्यांनी लिहिलेलं नसतं. ते डोक्यात असतं, कागदावर नसतं, आणि तपासणाऱ्याला फक्त कागद दिसतो.

यंदा पहिल्यांदा बोर्डाला बसणाऱ्या मुलांसाठी आणि संध्याकाळी त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मधलं वाक्य शोधायचं कसं, हाच याचा गाभा. त्या भागावर जास्त वेळ थांबू.

आधी पेपरचा आराखडा

दोन्ही भागांचा सांगाडा सारखा आहे. प्रश्न 2 (अ) मध्ये शास्त्रीय कारणे, कोणतीही दोन, प्रत्येकी 2 गुण. 2 (ब) मध्ये पाचपैकी कोणतेही तीन, प्रत्येकी 2 गुण. प्रश्न 3 मध्ये आठपैकी कोणतेही पाच, प्रत्येकी 3 गुण. प्रश्न 4 मध्ये दोनपैकी एक, 5 गुण.

वेळेचा हिशोब आधीच ठरवून जा. पहिल्या प्रश्नाला पंधरा मिनिटं. दोन गुणांच्या उत्तराला पाच ते सहा, तीन गुणांच्या उत्तराला दहा, पाच गुणांच्या उत्तराला पंधरा ते सतरा. एवढं करून साधारण दहा मिनिटं हातात उरतात. बोर्डाने अलीकडे शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, पण ती या हिशोबात धरू नका, तपासण्यासाठी ठेवा.

प्रश्न 4 शेवटीच लिहायचा असा नियम नाही. भाग 1 मध्ये तो तुमच्या आवडत्या धड्यावर आला असेल तर पहिल्या प्रश्नानंतर लगेच लिहून टाकायला हरकत नाही. फक्त मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा आणि क्रमांक ठळक घाला.

पायरी 1: प्रश्नातली आज्ञा वाचा

प्रश्नात विषय असतो आणि आज्ञा असते. मुलं विषय वाचतात, आज्ञा सोडून देतात. 'निकटदृष्टिता' (दूरचं अस्पष्ट दिसणं) हा शब्द दिसला की पेन सुरू होतं आणि धड्यातलं सगळं कागदावर येतं. प्रश्न होता, 'निकटदृष्टितेची दोन कारणे लिहा व हा दोष कोणत्या भिंगाने दूर करतात ते आकृतीसह स्पष्ट करा.' व्याख्या इथे कोणी मागितलेली नाही. एका ओळीत दिली तर चालेल, पण गुण कारणांना, भिंगाला आणि आकृतीला आहेत.

प्रश्न वाचताना पेन्सिलने आज्ञेखाली रेघ मारा. एका प्रश्नात दोन-तीन आज्ञा असतील तर त्यांना 1, 2, 3 असे आकडे द्या. वर दिलेल्या प्रश्नात तीन आहेत: कारणे, भिंग, आकृती. उत्तर झाल्यावर तिन्ही आकडे मिळाले का ते पाहा. याला काही सेकंद लागतात, आणि उत्तराचा एखादा भागच राहून जाण्याची भीती जाते.

'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नात दिलेलं विधान खरं असतं. ते खरं आहे हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही आणि पुन्हा उतरवायचंही नाही. ते का घडतं, एवढंच सांगायचं. पहिलं वाक्य नेहमी गुणधर्माचं किंवा नियमाचं असू द्या, आणि शेवटचं वाक्य विधानापाशी येऊन थांबू द्या.

'फरक स्पष्ट करा' मध्ये दोन्ही रकाने एकाच मुद्द्यावर बोलले पाहिजेत. सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन यांचा फरक विचारला आहे समजा. डावीकडे 'हे कायिक पेशींत होते' आणि उजवीकडे 'यात चार पेशी तयार होतात' असं लिहिलं तर दोन्ही वाक्यं बरोबर असूनही फरक एकही झाला नाही. कुठे होतं, किती पेशी तयार होतात, गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते की निम्मी होते, असे मुद्दे आधी मनात धरा आणि प्रत्येक मुद्द्याची दोन्ही बाजूंची उत्तरं समोरासमोर लिहा.

'टीप लिहा' ही सगळ्यात मोकळी आज्ञा, म्हणून सगळ्यात फसवी. काय आहे, कसं चालतं, कुठे वापरतात किंवा काय परिणाम होतो, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या आणि थांबा.

पायरी 2: गुण पाहून मुद्दे मोजा

दोन गुणांना निदान दोन वेगळे मुद्दे हवेत, तीनला तीन, पाचला पाच. उत्तराची लांबी इथूनच ठरते. पाच गुणांसाठी दोन पानं भरायची गरज नसते. एकच मुद्दा तीन वेगळ्या वाक्यांत फिरवला तर तो एकच मोजला जातो. 'प्रदूषण होते, पर्यावरणाची हानी होते, निसर्गाचा समतोल बिघडतो' ही तीन वाक्यं वाचायला भारदस्त आहेत, पण मुद्दा एकच आहे आणि तोही मोघम.

पायरी 3: साखळी बांधा

मोठं उत्तर म्हणजे कारणांची साखळी. एका टोकाला नियम, दुसऱ्या टोकाला प्रश्नातली घटना, मध्ये दुवे. प्रत्येक दुवा एका वाक्याचा. दुवा तुटला की गुण तिथेच गळतो.

नेहमीचा प्रश्न घेऊ: 'थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे पाईप फुटतात. शास्त्रीय कारण लिहा.'

बहुतेक कागदांवर हे असतं: 'थंडीमुळे पाईपमधील पाण्याचा बर्फ होतो. त्यामुळे पाईप फुटतात.'

यात खोटं काही नाही. पण बर्फ झाला म्हणून पाईप का फुटावा? मेण वितळवून साच्यात ओतलं आणि ते घट्ट झालं तर साचा फुटत नाही, उलट मेण आकसतं. तेव्हा 'बर्फ होतो' आणि 'पाईप फुटतो' यांच्यामध्ये काहीतरी आहे, ते लिहायचं आहे. ते शोधायला प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला 'मग काय?' असं विचारा आणि उलट दिशेने येताना 'पण का?' असं विचारा. 'पाईप फुटतो. पण का? आतून दाब पडतो म्हणून. दाब का पडतो? आतल्या पदार्थाला जागा पुरत नाही म्हणून. का पुरत नाही? त्याचं आकारमान वाढलं म्हणून. का वाढलं? गोठताना पाणी प्रसरण पावतं म्हणून.' आता ही साखळी सरळ करून लिहा:

'पाण्याचे तापमान 4 °से पेक्षा कमी झाले की पाणी आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावते. यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात. 0 °से तापमानाला पाणी गोठताना त्याचे आकारमान आणखी वाढते. पाईपमध्ये या वाढलेल्या आकारमानाला जागा नसते, त्यामुळे पाईपच्या भिंतींवर आतून मोठा दाब पडतो. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे पाईप फुटतात.'

पाच वाक्यं, दोन गुण, पाच मिनिटं. यात एक बारकावा आहे. 4 °से पासून 0 °से पर्यंतचं प्रसरण फारच थोडं असतं. खरी वाढ गोठताना होते, सुमारे 9 टक्के. म्हणून फक्त 'असंगत आचरण' हा शब्द टाकून थांबू नका, गोठण्याचं वाक्य वेगळं लिहा.

आता तीच माहिती दुसऱ्या प्रश्नात: 'तळ्याचा पृष्ठभाग गोठला तरी आतले मासे जिवंत राहतात.' इथे पाईपची साखळी जशीच्या तशी उतरवणारी मुलं दरवर्षी भेटतात, कारण दोन्ही प्रश्न 'असंगत आचरण' याच मथळ्याखाली पाठ केलेले असतात. नियम तोच, पण साखळी वेगळी. पाईपच्या उत्तरात आकारमान कामाचं होतं, इथे घनता कामाची आहे. 4 °से तापमानाला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते, म्हणून ते पाणी तळाशी जातं. वरचं पाणी आणखी थंड झालं तरी ते हलकं असल्याने वरच राहतं आणि गोठतं. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि तो उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालच्या पाण्यातली उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तळाशी पाणी द्रवरूपातच राहतं आणि मासे जगतात. 'दुर्वाहक' हा दुवा सुटतो, हे हमखास. उत्तर पाठ केलेल्या मुलाचा सुटतोच, साखळी बांधणाऱ्याला तो सापडतो, कारण 'खालचं पाणी का गोठलं नाही?' हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला असतो.

तिसरं उदाहरण रोजच्या डोळ्यांसमोरचं. थंड पाण्याची बाटली फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवली की बाहेरून थेंब जमतात. लहान मुलं म्हणतात बाटलीतून पाणी झिरपलं. दहावीतली मुलं म्हणतात 'बाहेरच्या बाष्पाचे संघनन झाले'. बरोबर, पण बाष्प तर आधीही होतं, आत्ताच संघनन का झालं? बाटलीलगतची हवा थंड होते. हवा थंड झाली की बाष्प सामावून घेण्याची तिची क्षमता कमी होते. ठरावीक तापमानाला ती हवा बाष्पाने संपृक्त होते, त्या तापमानाला दवबिंदू तापमान म्हणतात. त्याहून खाली गेल्यावर जादा बाष्पाचे थेंब होतात. एकदा साखळी अशी समजली की प्रश्न फिरवून आला तरी अडत नाही. मे महिन्यात रत्नागिरीत बाटली पाहता पाहता ओली होते आणि नागपुरात तेवढी होत नाही, याचं कारण विचारलं तर? रत्नागिरीच्या हवेत बाष्प जास्त, म्हणून तिचं दवबिंदू तापमानही जास्त. हवा थोडी थंड झाली तरी संपृक्त होते. पाठ्यपुस्तकात रत्नागिरी नसेल, पण उत्तर त्याच धड्यातलं आहे.

पाच गुणांचा प्रश्न: एक पूर्ण उदाहरण

भाग 2 मधला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट साखळीच आहे. प्रश्न असा धरू: 'औष्णिक विद्युत केंद्रात वीजनिर्मिती कशी होते ते स्पष्ट करा. ऊर्जा रूपांतरणाचे टप्पे लिहा. या पद्धतीच्या दोन समस्या सांगा.'

आज्ञा तीन. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने कच्चं टिपण करा, दोन मिनिटांचं:

कोळसा, उष्णता, वाफ, टर्बाइन, जनित्र, वीज, वाफेचं पुन्हा पाणी. रासायनिक, औष्णिक, गतिज, विद्युत. धूर, साठे.

वेळ नाही म्हणून हे टिपण करायचं टाळू नका. पाच गुणांच्या उत्तरात मुलं मध्येच अडतात, मागे जाऊन बाण काढून वाक्यं घुसवतात, खाडाखोड होते. टिपण असेल तर हात थांबत नाही.

आता उत्तर:

'औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जाळून उष्णता मिळवली जाते. या उष्णतेने बॉयलरमधील पाण्याची उच्च तापमानाची व उच्च दाबाची वाफ तयार होते. ही वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडली की टर्बाइन फिरते. टर्बाइनला जनित्र जोडलेले असते. टर्बाइनबरोबर जनित्रातील चुंबक फिरतो आणि विद्युत चुंबकीय प्रवर्तनामुळे वीज निर्माण होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले जाते व ते बॉयलरकडे पाठवले जाते.

ऊर्जा रूपांतरण: कोळशातील रासायनिक ऊर्जा → औष्णिक ऊर्जा → टर्बाइनची गतिज ऊर्जा → विद्युत ऊर्जा.

समस्या: (1) कोळशाच्या ज्वलनाने कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायू व धूलिकण हवेत मिसळतात. त्यामुळे जागतिक तापमानवाढ, आम्लवर्षा व श्वसनाचे आजार होतात. (2) कोळशाचे साठे मर्यादित आहेत आणि ते पुन्हा निर्माण व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात, म्हणून ही पद्धत दीर्घकाळ वापरता येणार नाही.'

यात दोन दुवे सहसा सुटतात. पहिला 'विद्युत चुंबकीय प्रवर्तन'. टर्बाइन फिरली आणि वीज झाली, असं नुसतं लिहिलं तर फिरण्याचा विजेशी संबंध काय ते कळत नाही. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतधारा निर्माण होते. सगळं केंद्र उभं आहे ते या तत्त्वावर. दुसरा सुटणारा दुवा वाफ थंड करण्याचा. ते वाक्य नसेल तर चक्र पूर्ण होत नाही.

आणि आता या साखळीचा खरा फायदा पाहा. चंद्रपूरला कोळसा आहे, तारापूरला अणुऊर्जा, कोयनेला धरणाचं पाणी. तिन्ही ठिकाणी टर्बाइनपासून पुढचं सगळं सारखं आहे. बदलतो तो फक्त टर्बाइन फिरवणारा भाग. तारापूरला युरेनियमच्या अणुकेंद्रकाचं विखंडन होऊन उष्णता मिळते, त्या उष्णतेने वाफ होते. कोयनेला वाफच नाही. उंचावर साठवलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज होते आणि पाणी थेट टर्बाइन फिरवतं. पवनचक्कीत ते काम वारा करतो. एवढं लक्षात ठेवलं की धड्यातले चार-पाच प्रश्न एका साखळीत बसतात, वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. अपवाद सौर विद्युत घटाचा. तिथे टर्बाइनही नाही, जनित्रही नाही. सिलिकॉनवर प्रकाश पडला की थेट विद्युतधारा मिळते, आणि तीही एकदिश. घरातली उपकरणं प्रत्यावर्ती धारेवर चालतात, म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतो. 'फरक स्पष्ट करा' मध्ये हा मुद्दा सोन्यासारखा आहे.

अशीच साखळी विद्युत चलित्राची, म्हणजे मोटरची, बांधा. तिथला सुटणारा दुवा असा: अर्धं परिवलन झाल्यावर कुंडलातल्या (तारेच्या वेटोळ्यातल्या) विद्युतधारेची दिशा उलटते, आणि म्हणूनच कुंडल मागे न फिरता त्याच दिशेने फिरत राहतं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम सगळे लिहितात, हे वाक्य थोडे जण लिहितात. प्रथिन संश्लेषणातही प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण ही तीन नावं क्रमाने आठवतात, पण केंद्रकात तयार झालेला संदेशवाहक आरएनए पेशीद्रव्यात येतो हे मधलं पाऊल राहतं.

पायरी 4: आकृती उत्तरात गुंफा

आकृती पेन्सिलने काढायची, नावं एका बाजूला सरळ रेषेत लिहायची, हे शाळेत सांगितलेलं असतंच. दोन गोष्टी मात्र मी पुन्हा सांगेन. किरणाकृतीत बाण नसतील तर ते किरण नव्हेत, नुसत्या रेघा. आणि आकृती काढली की उत्तरात तिचा उल्लेख हवा. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते' असं वाक्य आलं की आकृती उत्तराचा भाग होते. नाहीतर ती एका कोपऱ्यात वेगळी पडते.

निकटदृष्टितेला दोन आकृत्या लागतात, एक दोषाची आणि एक अंतर्वक्र भिंग लावल्यावरची. पहिलीवर वेळ घालवून दुसरी राहून जाऊ देऊ नका. दुसरीला जास्त महत्त्व आहे, कारण 'दोष कसा दूर होतो' याचं उत्तर तीच देते.

पायरी 5: गणितातही वाक्य लिहा

उदाहरण सोडवताना दिलेल्या राशी, सूत्र, किमती घालून मांडणी, उत्तर आणि एकक, हा क्रम मोडू नका. कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा आकडेमोड बाजूला स्वच्छ करा. आकडेमोड चुकली तरी सूत्र आणि मांडणी कागदावर असेल तर त्यांचे गुण मिळण्याची शक्यता राहते. नुसतं चुकलेलं उत्तर लिहिलं तर तपासणाऱ्याला द्यायला काहीच उरत नाही.

समजा भिंगाचं नाभीय अंतर −0.5 मी आहे. भिंगाची शक्ती = 1 ÷ नाभीय अंतर = 1 ÷ (−0.5) = −2 डायॉप्टर. इथे थांबू नका. 'शक्ती ऋण आहे, म्हणून हे भिंग अंतर्वक्र आहे आणि ते निकटदृष्टिता दूर करण्यासाठी वापरतात' हे एक वाक्य लिहा, विशेषतः प्रश्नात भिंगाचा प्रकार विचारला असेल तर. उणे चिन्ह विसरलात तर अख्खा अर्थ उलटतो. नाभीय अंतर सेंटिमीटरमध्ये दिलं असेल तर आधी मीटरमध्ये आणा.

पायरी 6: रोजचे शब्द बाहेर ठेवा

बाजारात आपण 'वजन पाच किलो' म्हणतो. पेपरात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक, वजन न्यूटनमध्ये. चंद्रावर वस्तुमान तेवढंच राहतं आणि वजन सुमारे एक षष्ठांश होतं, हे उत्तर लिहिताना दोन शब्दांची अदलाबदल झाली की सगळं वाक्य चुकतं. उष्णता आणि तापमान, ऊर्जा आणि शक्ती यांच्या बाबतीतही तसंच. 'जोर' लिहू नका, 'बल' लिहा. धड्याच्या शेवटी अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. सेमी इंग्रजीच्या मुलांनी त्यांच्या पुस्तकातल्या संज्ञा तशाच वापराव्यात, मात्र एका उत्तरात एकाच गोष्टीला दोन नावं देऊ नयेत.

मत विचारणारे प्रश्न

भाग 2 मध्ये पर्यावरण, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन या धड्यांवर 'तुम्ही काय कराल', 'उपाय सुचवा' असे प्रश्न येतात. हे सोपे वाटतात आणि इथेच सगळ्यात मोघम लिहिलं जातं. 'जनजागृती करावी, झाडे लावावीत, सरकारने लक्ष द्यावे.' अशा उत्तरात विज्ञान कुठे आहे?

इथेही प्रत्येक उपायामागे कारणाचा दुवा जोडा. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी दरड कोसळली, तो आपल्याकडचा मोठा धडा आहे. दरडप्रवण भागासाठी उपाय विचारले तर असं लिहा: 'उतारावरील झाडे तोडू नयेत, कारण मुळे माती धरून ठेवतात. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी चर काढावेत, कारण मुरलेल्या पाण्याने मातीचे वजन वाढते व तिची पकड सैल होते. मुसळधार पाऊस सुरू असताना जमिनीला नव्या भेगा दिसल्या किंवा झाडे, खांब कललेले दिसले तर घर सोडून सुरक्षित ठिकाणी जावे, कारण ही दरड सरकू लागल्याची लक्षणे आहेत.' तीन उपाय, तीन 'कारण', तीन गुण.

सराव कसा करायचा

परीक्षेच्या आधी दोन-तीन महिने मिळत असतील तर रोज एकच मोठं उत्तर, घड्याळ लावून, पुस्तक मिटून. जास्त नको. उत्तर झाल्यावर लगेच पुस्तक उघडू नका. आधी आपलंच उत्तर वाचा आणि प्रत्येक दुव्यावर पेन्सिलने आकडा घाला. दोन आकड्यांच्या मध्ये 'पण का?' हा प्रश्न उरतो का ते पाहा. मग पुस्तक उघडा आणि सुटलेलं वाक्य वेगळ्या शाईने लिहा. आठवडाभराने तोच प्रश्न पुन्हा घ्या.

आई-बाबांना विज्ञान येत नसलं तरी हे काम करता येतं. मुलाला उत्तर मोठ्याने वाचायला सांगा आणि जिथे तुम्हाला समजलं नाही तिथे थांबवून 'हे कशावरून?' असं विचारा. तुम्ही जिथे अडाल, नेमका तोच दुवा बहुधा गायब असतो. मुलगा चिडेल, 'ते तर सोपंय' म्हणेल. सोपं असेल तर लिही, एवढंच म्हणा.

तयार उत्तरांच्या पुस्तकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गाईड जवळ असायला हरकत नाही, पण ते उत्तर लिहून झाल्यावर उघडायचं. आधी वाचलं की साखळी दुसऱ्याची होते, आणि प्रश्न जरा फिरवला की ती उपयोगी पडत नाही. बोर्डाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मात्र भरपूर सोडवा.

शेवटची वीस मिनिटं

पेपर लिहून झाला की गप्प बसू नका, पानं उलटा. या क्रमाने पाहा: प्रश्न आणि उपप्रश्नांचे क्रमांक बरोबर आहेत का; प्रत्येक गणिताला एकक आणि चिन्ह आहे का; किरणांना बाण आहेत का; आकृत्यांना नावं आहेत का; रासायनिक समीकरणं संतुलित आहेत का; प्रश्न 4 मधल्या सगळ्या आज्ञा पूर्ण झाल्या का. बहुपर्यायी प्रश्नात लिहिलेली उत्तरं आता बदलत बसू नका, तिथे पहिला प्रयत्नच धरला जातो. शास्त्रीय कारणांची दोन उत्तरं मात्र पुन्हा वाचा, आणि कुठे 'म्हणून' च्या आधीचं वाक्य राहिलं असेल तर दोन ओळींच्या मधल्या जागेत ते नीट अक्षरात लिहा.